पिनेचं काय घेऊन बसलास?

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. हे वाक्य आमच्या नगर जिल्ह्यात आता कुणाला दचकवत नाही. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं हे मला ठाऊक आहे. पण सत्तरी उलटलेल्या जिभेला एवढ्या लवकर नवं वळण लागत नाही. तेव्हा नगर म्हटलं तर रागावू नये.) तर हा पुतण्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, मागच्या वर्षी फोनवर म्हणाला, “काका, मी घर घेतलं.” मी आनंदाने वास्तुशांतीची तारीख विचारली. तो म्हणाला, “चाकावरचं घर आहे काका. मोटारीच्या मागे लावून ओढत न्यायचं.”

मग त्याने फोनवरच ते दाखवलं. आत पलंग, शेगडी, मोरी, कपाट, सगळं यथासांग. सुट्टी लागली की हे बिऱ्हाड मोटारीला अडकवायचं आणि डोंगर, तळी, जंगलं बघत हिंडायचं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्याची ही हौस ज्याला नोकरी आणि बायको दोन्ही चांगल्या लाभल्या आहेत त्यालाच परवडते.

घर त्याने एका दुपारी पसंत केलं. पण ते घर मोटारीला जोडायचा आकडा आणि ते उचलायचा जॅक निवडायला त्याला दोन महिने लागले. दोन महिने! आमच्या दादाने त्याच्यासाठी मुलगी तीन आठवड्यांत पसंत केली होती.

दादाला हे कळलं तेव्हा तो गोठ्यापुढे बाजेवर बसून तंबाखू मळत होता. दादा राहुरी तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस करतो आणि हंगामात स्वतःचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीला लावतो. त्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाला, “आकड्याला दोन म्हैने? आरं, सळईचा तुकडा घाल म्हनावं भोकात आन् चाल. पिनेचं काय घेऊन बसलाय?”

मी हसलो. प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा मी दादाच्या बाजूचा होतो. मीही आयुष्यभर नगरला मराठी शिकवलं. कर्ता, कर्म, क्रियापद यांच्यापलीकडे कशाचीही जोडणी मी कधी तपासली नव्हती.

पुतण्याने मात्र मला सोडलं नाही. पुढच्या रविवारी त्याने तासभर शिकवणी घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला शिकवणी सोसणं कठीण जातं, तरी मी ऐकलं. त्याचं म्हणणं असं. घराचं भरलेलं वजन सहा हजार पौंड, म्हणजे साधारण 2,700 किलो. त्यातलं शेकडा 10 ते 15 पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या शेपटाला जिथे आकडा असतो तिथे, यायला हवं. हिशेब केला तर 270 ते 400 किलो. आपल्या भाषेत साखरेची पन्नास किलोची पाच ते आठ पोती.

“एवढं ओझं मोटारीच्या ढुंगणावर कशाला हवं?” मी विचारलं.

“कमी असलं तर घर वळवळायला लागतं काका. वेगात असताना मागचं घरच पुढच्या मोटारीला हलवतं. आणि जास्त झालं तर मोटार मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही, ब्रेकही नीट लागत नाही.”

यासाठी तिथे एक खास आकडा मिळतो. त्याला वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणतात. त्याला दोन लांब, जाड, स्प्रिंगच्या पोलादाचे दांडे असतात. ते आकड्यापासून मागे जाऊन घराच्या सांगाड्याला ताणून बसवायचे. पहारीने धोंडा उचलावा तसे ते दांडे मोटारीचं खाली बसलेलं शेपूट उचलून धरतात, आणि दांडीवरचं वजन काही मोटारीच्या पुढच्या चाकांवर, काही घराच्या चाकांवर वाटलं जातं. वजन नाहीसं होत नाही, फक्त वाटलं जातं. आणि मोटारीची ओढायची ताकदही त्याने तसूभर वाढत नाही, हे पुतण्याने दोनदा बजावलं.

जॅकची गोष्ट आणखी गमतीची. मला वाटलं होतं, जॅक म्हणजे पंक्चर झाल्यावर शोधायची वस्तू. पण ते दांडे चढवायचे तर घराची दांडी उचलावी लागते, आणि तीही मोटारीच्या मागच्या भागासकट. म्हणजे दांडीवर चारशे किलो असलं तर चारशे किलोचा जॅक पुरत नाही, त्याहून चांगला दांडगा लागतो. म्हणून आकडा आणि जॅक एकाच वेळी, एकाच हिशेबाने निवडायचे. शिवाय मुक्कामाला घर हलू नये म्हणून चार कोपऱ्यांना जे पाय लावतात, ते धरून ठेवायचे, उचलायचे नव्हेत. त्यांनी घर उचलणारा मनुष्य लवकरच वाकडं घर दुरुस्तीला नेतो म्हणे.

फोन ठेवला आणि मला आमचे आजोबा आठवले.

आजोबांची बैलगाडी होती, दोन चाकांची, लोखंडी धावेची. गाडी भरून झाली की ते बैल जुंपण्याआधी पुढे यायचे, जुवाखाली हात घालायचे आणि उचलून बघायचे. फार जड लागलं तर म्हणायचे, “धुरजड झाली. दोन पोती मागं घ्या.” हलकं लागलं तर म्हणायचे, “उलाळ झाली. पुढं घ्या.” गाडी धुरजड असली की भार बैलांच्या मानेवर येतो आणि खांदे सोलवटतात. उलाळ असली की जू वर उचललं जातं आणि जुपण्या गळ्याला फास लावतात. चढाला लागली की आजोबा पुढे सरकून धुरीवर बसायचे, उताराला मागे सरायचे. स्वतःच्या देहाचा काट्यासारखा उपयोग करणारा मनुष्य मी त्यांच्याइतका दुसरा पाहिला नाही. अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने दोन महिने घालवून जे शिकून घेतलं, ते त्याच्या पणजोबांना दोन शब्दांत ठाऊक होतं. ते शब्द मी तीस वर्षं मराठी शिकवूनही एकदा फळ्यावर लिहिले नव्हते.

तेव्हा ‘हे आपलं नव्हे, ही अमेरिकेची थेरं’ असं जे कुणी म्हणतात त्यांनी आधी आपल्या आजोबांना विचारावं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो, हळद आणि तूप लावतो, त्याचा अर्थ तरी दुसरा काय आहे? वर्षभर ज्या जागेवर भार टाकला त्या जागेची एक दिवस माफी मागायची. माझं म्हणणं एवढंच की उरलेले 364 दिवस तूप नको, निदान दोन पोती मागे घ्या.

केंद्र सरकारने 1965 साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. बैल लहान, मध्यम की मोठा, चाकाला हवेचा टायर की लोखंडी धाव, यावरून गाडीत किती भरायचं ते ठरवून दिलं. हे नियम बैलांना वाचता येत नाहीत आणि ज्यांना येतात त्यांना चष्मा सापडत नाही.

पण सगळेच काही आंधळे नसतात. 2022 साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीसाठी एक तिसरं चाक केलं आणि त्याला ‘सारथी’ नाव दिलं. दोन बैलांच्या मध्ये, पुढच्या बाजूला ते बसतं आणि मानेवरचा भार स्वतःवर घेतं. बैलांच्या उंचीप्रमाणे ते वर-खाली करता येतं. म्हणजे आकडा आणि जॅक दोन्ही एकात! त्याचा फोटो तेव्हा देशभर फिरला, माझ्या फोनवर तर सात जणांनी पाठवला. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकाच्याही गाडीला मी ते चाक पाहिलं नाही. कौतुक करायला आपल्याला काही खर्च येत नाही, आणि आपण ते सढळ हाताने करतो.

आता दादाच्या टॉलीकडे येतो. ट्रेलर, ट्रॉली हे शब्द कागदावरचे, आमच्याकडे टॉलीच. दादाचा ट्रॅक्टर बघण्यासारखा आहे. पुढे गोंडे, वर झेंडा, मडगार्डांवर दोन्ही मुलांची नावं, आणि आवाज असा की पुढच्या गावच्या लग्नात वाजंत्री लावायची गरज नाही. या सजावटीला किती खर्च आला हे त्याने वहिनीला कधी सांगितलं नाही. आणि या सगळ्या वैभवाला मागची टॉली ज्याने जोडलेली होती तो होता सळईचा एक तुकडा. स्लॅबमधून उरलेला. भोक मोठं, सळई बारीक, त्यामुळे चालताना खडखड आवाज यायचा. तो गाण्यात ऐकू येत नसे. पिनेच्या बुडाला चिमटा लावायला भोक असतं हे त्या सळईच्या गावीही नव्हतं.

जॅकची तीच कथा. गावात जॅक एकच. तो कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सध्या कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तेल गळायचं, म्हणून त्याच्या भरवशावर राहायचं नाही एवढं शहाणपण होतं. मग काय, उचलली टॉली की खाली दगड. दगड कमी पडला तर आणखी एक दगड. एकदा चाक काढलेलं असताना ड्रायव्हर खाली शिरला होता आणि मी बॅटरी धरून उभा होतो. वरचा दगड तडकला तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पोरगा चपळ होता म्हणून बाहेर आला. दादाने दगडाला शिव्या दिल्या. दगडाला! लोखंडी घोडी करून घ्यायला सांगितली तर म्हणाला, “दगुड कवाच दगा देत न्हाई, त्यो एकच चुकार निघाला.”

ही टॉली दोन चाकांची. दोन चाकांच्या टॉलीची गत बैलगाडीचीच. फरक एवढाच की ट्रॅक्टरला मान नसल्यामुळे तो तक्रार करत नाही. मागच्या हंगामात दादाने ती पुढून एवढी भरली की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागलं. पुढे वजनं लावायची, भार कमी करायचा, असे उपाय होते. दादाने तिसराच केला. ऊस तेवढाच ठेवला, फक्त मागे रचला. ट्रॅक्टरचं तोंड खाली आलं आणि दादा खूश झाला. आजोबा असते तर जुवाखाली हात घालून एका शब्दात म्हणाले असते: उलाळ.

कालव्याच्या पुलाचा चढ आहे. ट्रॅक्टर पुढे, दादा मडगार्डवर, मी मोटरसायकलवरून मागे. टॉली आणि मी यांच्यामध्ये एक ऊसतोडीवाली बाई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन चालली होती. मी हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली. पुलाच्या तोंडाशी खड्डा होता. टॉलीची दांडी आधीच वर यायला बघत होती, खड्ड्यात ती उसळली आणि बिनचिमट्याची सळई भोकातून वर उडाली. दांडी आभाळाकडे गेली, मागचा भाग जमिनीला टेकला आणि ती टॉली ऊस ओतत, रस्ता खरवडत, ती बाई क्षणापूर्वी जिथे चालत होती त्या जागेवरून मागे आली आणि कठड्याला जाऊन अडली. गाण्याच्या आवाजात ट्रॅक्टर तसाच बरंच पुढे गेला. आपण एकटेच चाललो आहोत हे दादाला पुलापलीकडे कळलं.

मी दर वेळी हॉर्न वाजवतोच असं नाही.

बाई घाबरली असावी, पण बोलली नाही. पडलेला भारा तिने पुन्हा बांधला, म्हणाली, “बैलं उपाशी हाईत,” आणि गेली. दादा धावत आला, रस्त्यात सापडलेली सळई उचलली, उलटसुलट करून बघितली आणि मला दाखवली. “बघ मास्तर. वाकलीसुदिक न्हाई. पिनेचं काय घेऊन बसलास?”

त्या क्षणी मी बाजू बदलली. आणि आता जे लिहितो आहे ते दादाने वाचावं म्हणूनच लिहितो आहे, कारण तोंडावर बोललो तर तो चहा मागवतो.

पहिलं म्हणजे ‘आजवर काही झालं नाही’ हा मुद्दा. अरे दादा, आजवर काही झालं नाही असं प्रत्येक माणूस काही होईपर्यंत म्हणतच असतो. ज्याला झालं त्याला हा मुद्दा मांडायला बोलावता येत नाही, म्हणून वादात तुमची बाजू नेहमी जिंकते. दुसरं, ‘सगळेच असं करतात’. सगळे करतात म्हणूनच तर भीती आहे! प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला तेव्हापासून या जिल्ह्यात किती कारखाने झाले, हंगामात रस्त्यांवर गाड्या, टायरगाड्या, टॉल्या यांची रांग लागते, आणि त्यातल्या कितींच्या भोकात सळई आहे हे रात्री मागून जाणाऱ्याला दिसत नाही. तिसरं, ‘परवडत नाही’. हे मात्र मी नीट ऐकून घेतो. तोडणी टनावर, वाहतूक टनावर. जो कमी भरेल त्याचं डिझेल अंगावर येतं. या गणितात दादा एकटा दोषी नाही, आणि मास्तराने शहरात बसून त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. मी म्हणतच नाही. भर बाबा, तुला भरावं लागतं. पण पिनेला आणि चिमट्याला तर टनाचा दर लागत नाही! दोन किलो पेढ्यांत येते. ज्या माणसाने झेंड्याला, गोंड्यांना आणि भोंग्याला पैसे काढले त्याने पिनेपाशी आल्यावर ‘परवडत नाही’ म्हणू नये. ओढणारा दिसतो, ओझं दिसतं, मधली जोडणी दिसत नाही. आणि जे लोकांना दिसत नाही त्यावर खर्च करणं आमच्याकडे वेडेपणाचं समजतात.

शिवाय पुतण्याच्या घराला हसण्याचा आम्हाला हक्कच नाही. तसली चाकावरची घरं आमच्या जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. दसरा झाला की करंजीच्या घाटावर जाऊन उभे राहा. पाथर्डीकडून टॉल्या येतात. आत पत्रे, बांबू, चूल, पिठाचे डबे, कोंबड्या, एखादी शेळी, म्हातारी आणि पोरं. सहा महिन्यांचं घर. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ते कोयत्यांच्या मागे चाललेलं असतं. पुतण्या सांगत होता, तिकडे पुष्कळ राज्यांत मागच्या घरात चालत्या गाडीत माणूस बसवायला कायद्याने बंदी आहे. त्याच्या रिकाम्या घराला स्प्रिंगचे दांडे, शिवाय खालून आडव्या-तिडव्या दोन साखळ्या, की आकडा सुटला तरी दांडी जमिनीत घुसू नये, शिवाय घर सुटलंच तर आपोआप ब्रेक लावणारी दोरी. आमच्या भरलेल्या घराला सळई. घाटाच्या वळणावर त्या पोरांकडे बघितलं की मला दोन महिने फार वाटत नाहीत.

पुलावरच्या प्रकारानंतर मी नगरहून एक चांगली पिन घेतली, तिचा चिमटा घेतला आणि भक्कम साखळी घेतली. दादाला नेऊन दिली. त्याने साखळी हातात तोलून बघितली आणि “माल चांगला हाये” म्हणाला. मला बरं वाटलं.

महिन्याने पुतण्याचा फोन आला. “काका, अप्पांनी साखळी लावली का?”

“लावली असेल,” मी म्हटलं आणि खात्री करायला पुढच्या एस.टी.ने गावी गेलो. पिन जागेवर होती, चिमट्यासकट. साखळीही लावलेली होती. म्हशीला.

“मारकी झालीया,” दादा म्हणाला. “दावं तोडती. टॉली काय दावं तोडती का?”

मी काही बोललो नाही. दुपारी दादा झोपल्यावर गोठ्यात गेलो, म्हशीची साखळी सोडली आणि टॉलीच्या दांडीला नेऊन स्वतःच्या हाताने पक्की केली. तेवढ्यात म्हशीने शेजाऱ्याचा अर्धा वाफा घास खाल्ला. त्याचे पैसे मी भरले, शेजाऱ्याने ते मोजून घेतले आणि वर मला म्हणाला, “मास्तर, एका साखळीपायी एवढं?”

म्हैस आता जाड दाव्याने बांधलेली असते. साखळी टॉलीला आहे. दर रविवारी मी वहिनीला फोन करतो, प्रकृती विचारतो, आणि मग तिला गोठ्यात डोकावून यायला सांगतो.